याला बेसूर म्हणू नका

(पियानोवरचा हात. बाकी चौघे स्तब्ध.)

सुरुवातीला पियानो एकटाच आहे. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो. चौघांचेही बो, म्हणजे तारांवर फिरवायचे गज, अजून खाली आहेत. पियानोवरचा हात मोजक्याच स्वरांभोवती घुटमळतोय, घरात हरवलेली वस्तू त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा शोधावी तसा.

सोव्हिएत संगीतकार आल्फ्रेड श्नित्के यांची ही पियानो क्विंटेट, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीची रचना. १९७२ मध्ये त्यांची आई गेली. तिच्या आठवणीत त्यांनी ही रचना लिहायला घेतली. पहिला भाग झटकन उतरला आणि मग गाडं अडलं, ते १९७६ पर्यंत. पोटापाण्यासाठी सिनेमांचं संगीत चालूच होतं. क्विंटेटचे कच्चे आराखडे होत होते, बाजूला पडत होते. त्यातलं काही पुढे त्यांच्या १९७५ च्या रेक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात, गेलं. इथे मात्र शोभेचा एक स्वरही त्यांना चालत नव्हता.

(वॉल्ट्झ सुरू. बोंची हालचाल.)

दुसरा भाग वॉल्ट्झचा, तीन ठोक्यांच्या नाचाचा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. सुरावट जुने जर्मन संगीतकार बाख यांच्या नावातून आलेली: बी, ए, सी, एच ही जर्मन पद्धतीत चार स्वरांचीच नावं आहेत. नाच ओळखीचा वाटतो न वाटतो, तोच पायाखालची जमीन सरकते.

(तारांवरची बोटं, अगदी जवळून.)

आता डावे हात बघा. बोटं कणभर सरकताहेत. पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर असतं. त्यांच्या मधला स्वर पियानोला काढताच येत नाही. तारेवर तो मिळतो. श्नित्के यांनी नेमकी तीच जागा निवडली आणि तंतुवाद्यांचे स्वर पाव-पाव स्वराच्या अंतरावर एकमेकांना खेटून ठेवले. कानाला हे बोचतं. बोचायलाच हवं. पण याला बेसूर कसं म्हणायचं? बेसूर होतं ते चुकून. इथला पाव स्वर कागदावर लिहिलेला आहे, आणि तो लागेपर्यंत हे चौघे तीच ओळ पुन्हा वाजवताहेत.

तिसऱ्या आणि चौथ्या भागाबद्दल श्नित्के यांनी फार बोलायचं टाळलं. दुःख खासगी होतं. इथे आम्हीही बोलत नाही.

(निवेदन नाही. चौथा भाग. चेलो वाजवणारीचा चेहरा.)

१९७६ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत क्विंटेटचं पहिलं सादरीकरण झालं; १९७८ मध्ये 'इन मेमोरियम' या नावानं वाद्यवृंदासाठी रूपांतरही झालं.

(शेवटचा भाग. पुन्हा पियानो.)

ही छोटी, स्वच्छ सुरावट ऐका. पियानो ती चौदा वेळा वाजवतो. तंतुवाद्यं मधूनमधून मागचं काही आठवतात, जुनी कळ पुन्हा उमटते. पियानो अडत नाही, आवाजही चढवत नाही. आपली ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतो.

बो तारांवरून उतरलेत. पट्ट्या अजून हलताहेत.