उराकामीचं अर्पण

नागासाकी शहराच्या उत्तरेकडचं हे उराकामी. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी तो अडीचशे वर्षं लपूनछपून जपला. छळ तर बंदीच्याही आधीचा. 1597 मध्ये याच शहरातल्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. पुढे 1868 नंतर उराकामीची तीन हजारांहून अधिक माणसं हद्दपार झाली. 1873 मध्ये बंदी उठली. जे जिवंत परतले, त्यांनी काही वर्षांनी इथे लाल विटांचं भव्य चर्च बांधायला घेतलं.

9 ऑगस्ट 1945, सकाळचे 11 वाजून 2 मिनिटं. अणुबॉम्ब त्या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. उराकामीच्या सुमारे 12 हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. पापकबुलीसाठी चर्चमध्ये आलेले भाविक आणि त्यांचे धर्मगुरू आतच गाडले गेले.

डॉक्टर ताकाशी नागाई क्ष-किरणतज्ज्ञ होते. त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचं बॉम्बच्या आधीच कळलं होतं. जखमींची शुश्रूषा करून ते घरी आले, तर स्वयंपाकघराच्या जागी पत्नी मिदोरी यांची जळकी हाडं. शेजारी जपमाळेची साखळी. मणी वितळून गेलेले. ती हाडं त्यांनी बादलीत वेचून घेतली.

वर लोक म्हणू लागले, उराकामीवर देवच कोपला!

नोव्हेंबरमध्ये पडक्या चर्चपाशी मृतांसाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, झाली. नागाई म्हणाले, ही शिक्षा नव्हे. युद्ध थांबावं म्हणून देवाने स्वीकारलेलं हे निष्कलंक अर्पण आहे, त्याबद्दल आभार मानूया.

त्या शब्दांनी अनेकांना सावरलं. ज्याने बायकोची हाडं स्वतःच्या हातांनी वेचली, त्याच्या श्रद्धेवर बोट ठेवायला मन धजत नाही. तरीही हे उत्तर मला पटत नाही. बॉम्ब माणसांनी बनवला, माणसांनीच टाकला. त्याला देवाची इच्छा म्हटलं, की जाब विचारायचा कुणाला? पोटची पोरं गेलेल्या आईने आपला संताप कुठे न्यायचा? आभार मानायला सांगितलेल्या माणसाला ओरडताही येत नाही. उराकामीतले कितीतरी जण तसेच, आतल्या आत कुढत राहिले.

फेब्रुवारी 1981 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमात आले. त्यांनी जपानी भाषेत सांगितलं, "युद्ध हे माणसाचं कृत्य आहे." तिथून ते नागासाकीलाही गेले. धर्मगुरूंच्या तोंडून हे ऐकल्यावर, आजवर गप्प राहिलेले अनेक कॅथलिक त्या दिवसाबद्दल चारचौघांत बोलू लागले.