ट्रकच्या कडेचे छोटे दिवे

रात्र आहे, रस्त्याला खांब नाहीत आणि समोरून काहीतरी येतंय. दोन हेडलाईट दिसतायत पण गाडी किती रुंद आहे ते त्यावरून कळत नाही, ते कळतं वरच्या दोन कोपऱ्यांतल्या छोट्या दिव्यांवरून. मार्कर लाईट. ओव्हरटेक करताना बाजूचे नारिंगी-पिवळे दिवे एकामागून एक मागे जातात तेव्हाच लक्षात येतं की ट्रेलर अजून संपलेला नाहीये. हे दिवे ड्रायव्हरला रस्ता दिसावा म्हणून नाहीतच, बाकीच्यांना ट्रक दिसावा म्हणून आहेत.

पूर्वी इथे ५ वॅटचा बल्ब असायचा, आत केसासारखी तार, आणि ट्रकचे हादरे खाऊन ती तुटायची. एलईडीत तुटायला तारच नाही, आणि काम साधारण १ वॅटमध्ये होतं. म्हणून लोकांना वाटतं एकदा लावला की विसरून जायचं. तसं नसतं.

आधी निवडायचं बघू. ट्रकची सिस्टीम बहुतेक २४ व्होल्टची, पण इंजिन चालू असताना चार्जिंग २८ व्होल्टपर्यंत जातं, त्यामुळे दिव्यावर १० ते ३० व्होल्ट लिहिलेलं असेल तर उत्तम. हा बघा, टेबलावर दोन दिवे लावलेत. व्होल्टेज वाढवलं तसा डावीकडचा भगभगायला लागला, कारण आत नुसता रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा साधा भाग आहे, तो तापणार आणि एलईडी लवकर मंद पडणार. उजवीकडच्यात करंट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आहे, त्याचा उजेड हललाच नाही.

काचेवर गोलात ई आणि एक आकडा दिसतो ना, तो आकडा म्हणजे दर्जा नाही, मंजुरी कुठल्या देशाने दिली त्याचा नंबर आहे, एवढंच. पण तो गोल असणं महत्त्वाचं, म्हणजे रंग, उजेड आणि किती बाजूने दिसतो ते तपासलेलं असतं. ही मंजुरी ज्या नियमांवर मिळते त्यांत पुढे पांढरा, बाजूला नारिंगी, मागे लाल, आणि ६ मीटरपेक्षा लांब गाडीला बाजूचे दिवे सहसा ३ मीटरच्या आत एकेक. अमेरिकेत पुढचाही नारिंगीच. आवडला म्हणून निळा किंवा मागे पांढरा लावू नका, मागून येणाऱ्याला गाडीचं तोंड कुठे तेच कळत नाही.

आता पाणी, खरा त्रास इथेच आहे. दिव्यावर आयपी नंबर असतो, धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा. आयपी ६७ म्हणजे दिवा १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकला, पण प्रेशरच्या पाण्याची चाचणी वेगळी, तिला आयपी ६९के म्हणतात. आणि पाणी नेहमी काचेतूनच शिरतं असंही नाही बरं का, बऱ्याचदा ते वायरमधून येतं. वायर कापून नुसती टेप गुंडाळली की तांब्याच्या तारांमधून पाणी वर चढतं, वातीत तेल चढतं तसं, आणि थेट दिव्याच्या पोटात जातं. तांबं हिरवं पडतं, मग चांगला दिवाही मंद होतो. म्हणून जॉइंट आतून गोंद असलेल्या हीटश्रिंकने, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने बंद करा, नाहीतर सीलवाला कनेक्टर वापरा.

मागचे दिवे एकदम मंद झाले किंवा इंडिकेटरबरोबर मार्करही लुकलुकायला लागला तर बहुधा अर्थिंग, म्हणजे चासीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी गेलीय. ब्रेक दाबून ठेवायला कुणाला तरी बसवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी दिव्याच्या अर्थच्या वायरला, आकडा शून्याच्या जवळ हवा. वाढला तर चासीवरचा बोल्ट उघडून गंज घासा. नव्या ट्रकमध्ये आणखी एक भानगड असते, गाडीचा कॉम्प्युटर बल्ब तपासायला वीज मधूनमधून सोडतो आणि एलईडी त्यावरही चमकतो, किंवा करंट कमी बघून बल्ब गेला असं डॅशबोर्डवर दाखवतो. करंट बल्बएवढा दिसावा म्हणून रेझिस्टर जोडतात लोक, पण तो चांगलाच तापतो, मला त्या गाडीसाठीच बनवलेला दिवा घेणं जास्त पटतं.

धुताना साबणाचं पाणी पुरे. पेट्रोल, थिनर अजिबात नको, काच म्हणतो ते प्लास्टिक असतं, तडकतं.

अंधार पडला की दिवे लावून वीस-पंचवीस पावलं मागे जा. एखादा कोपरा काळा दिसला तर लगेच नवीन दिवा मागवू नका, आधी त्याचा जॉइंट उघडा आणि आत तांबं हिरवं झालंय का ते बघा.