९८ मॉडेल मारुती

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळ. गॅरेजचं शटर वर जातंय. दारात पांढरी मारुती ८००, ‘एमएच ०९’ पासिंगची.)

“सर, इंजिनाचं टेन्शन घेऊ नगा. पत्र्याचं बोला.”

मिस्त्री गाडीखालून बोलतायत, त्यामुळं दिसतायत ती फक्त त्यांची पावलं. सर म्हणजे गारगोटीकडच्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. १९९८ साली पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी ही गाडी नवी घेतली. कर्ज फिटलं, मुलं शिकून पुण्याला गेली, त्यांच्या दारात मोठ्या गाड्या आल्या. सरांकडं अजून हीच आहे. विकून का टाकत नाही म्हणून विचारलं, तर गणिताचा माणूस फळ्यावर लिहिल्यासारखं सांगतो, “भंगारवाला जे देईल त्यात जुनी स्कूटर पण येत नाही. आणि ही मला अजून देवगडला नेऊन आणते.”

स्वस्त गाडी कशाला म्हणायचं? शोरूममधली किंमत एकदाच मोजायची असते. पुढं वीस-पंचवीस वर्षं ती गाडी मालकाच्या खिशात हात घालत राहते. तो हात किती खोल जातो, हे बघायला आम्ही उद्यमनगरात आलो.

(दृश्य: लेथ, क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग, रस्त्याकडेला रचून ठेवलेले इंजिनांचे ब्लॉक.)

उद्यमनगराला दुरुस्ती नवी नाही. पंप असो, ट्रॅक्टर असो, ऑइल इंजिन असो; ओतकाम, कातकाम, बोअर मारणं म्हणजे सिलिंडर आतून घासून सारखा करणं, सगळं इथल्या गल्ल्यांत होतं. मारुती इथं आली तेव्हा मात्र जुने मिस्त्री जरा बिचकले होते. तोवरच्या गाड्या वेगळ्या होत्या. अ‍ॅम्बॅसेडर होती. फियाट होती, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. जड पत्रा, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या चाकांना ताकद. मारुतीत इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चाकं १२ इंची, अख्ख्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. “खेळणं आलंय,” असं म्हणणारे मिस्त्री पुढं त्याच खेळण्यावर घर बांधून बसले.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी इंडियन एअरलाइन्समधले नोकरदार हरपाल सिंग यांच्या हातात दिली. त्यांनी मोजले होते ४७,५०० रुपये. नंबर लावलेल्यांची संख्या तेव्हाच लाखाच्या वर गेली होती. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायची सवय असलेल्या देशात तेही कुणाला नवल वाटलं नाही. १८ जानेवारी २०१४ ला गुडगावच्या कारखान्यात शेवटची गाडी तयार झाली. मधल्या तीस वर्षांत नुसत्या भारतात २५ लाखांहून जास्त विकल्या गेल्या.

आपल्या कामाचा आकडा हाच. गाडी एवढ्या संख्येनं खपली की तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तिचा माल ठेवावाच लागतो. मारुतीच्याच ओम्नी व्हॅनलाही हेच ७९६ सीसीचं इंजिन होतं, त्यामुळं इंजिनाचा बराच माल दोघींना चालतो. कंपनीचा ओरिजिनल, लोकल, आणि तुटलेल्या गाडीतून काढलेला असे तीन भाव. कोणती वस्तू कुठल्या भावाची घ्यायची, यात मिस्त्रीचं शहाणपण कळतं. हे मिस्त्री दाराचं हँडल लोकल बसवतात, आरसा जुन्या बाजारातला चालवून घेतात. पण ब्रेकचा माल, टायमिंग बेल्ट आणि क्लच प्लेट यात तडजोड नाही.

(दृश्य: गाडी जॅकवर. पुढचं डावं चाक काढलेलं. टॉर्चचा उजेड आत.)

आता हे जवळून बघा. चाकाच्या आत, ड्राईव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला घड्या घड्यांचं काळं रबर आहे. याला बूट म्हणतात. बुटाच्या एका घडीत बोटभर चीर पडलीय, आणि चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीसचे शिंतोडे उडालेत. चाक फिरलं की ग्रीस बाहेर, आणि त्याच वाटेनं माती-पाणी आत. काही महिन्यांत आतल्या जॉइंटच्या गोळ्या खरवडतात. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी वळायला लागली की कट-कट-कट आवाज येतो. आवाज यायला लागला म्हणजे बुटाचं काम जॉइंटवर गेलं, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढला.

“आवाज न्हाई अजून,” मिस्त्री म्हणतात. “बूट बदलू, ग्रीस भरू, मिटलं. पण सर, मागल्या वक्ताला पण मी बोललो हुतो.”

सर गप्प. गाडीचा मालक आणि मिस्त्री यांच्यात हा संवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात होतो, त्यामुळं त्यावर आम्ही जास्त बोलत नाही.

स्वस्त गाडीचं स्वस्तपण टिकतं ते असल्या फुटकळ कामांवर. बूट, होज, क्लॅम्प, फॅन बेल्ट. यातलं सगळ्यात घातक दुर्लक्ष रेडिएटरचं. बोअरचं क्षाराचं पाणी भरायचं, कूलंट ‘उगीच खर्च’ म्हणून टाळायचं. आतल्या बारीक नळ्या हळूहळू तुंबतात. त्यात रेडिएटरच्या पंख्याचा स्विच गेला, आणि ट्रॅफिकमध्ये पंखा फिरलाच नाही, तर तापमानाचा काटा वर चढतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तापून वाकतं, गॅस्केट जातं. मग हेड उतरवा, फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, आणा, गॅस्केट सेट घ्या, दोन दिवस गाडी आडवी. वाचवलेला कूलंटचा डबा फार महागात पडतो.

घाटातही असलीच काटकसर नडते. कोल्हापूरकराला कोकणात उतरायचं तर आंबा, फोंडा, आंबोली, नाहीतर गगनबावड्याचा घाट. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. त्यात पेट्रोल वाचतं किती ते सोडा, ब्रेक एवढे तापतात की खाली पोचेपर्यंत पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरायचं. चढताना एसी बंद. चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि वर एसी, हे त्या इंजिनाला झेपत नाही, आणि झेपावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

(दृश्य: कार्बोरेटर टेबलावर उघडलेला. पितळी जेट. मिस्त्रींचा हात.)

ही गाडी ९८ची, म्हणजे कार्बोरेटरवाली. २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं. पेट्रोल किती सोडायचं हे तिथून पुढं कॉम्प्युटर ठरवायला लागला. या गाडीत ते अजून पितळेच्या जेटवर ठरतं. सुईच्या टोकाएवढं भोक. त्यात कचऱ्याचा कण बसला की सकाळी चोक ओढून ओढून गाडी सुरू होते आणि सिग्नलला बंद पडते. मिस्त्री जेट काढतात, उजेडाकडं धरून आरपार बघतात, हवा मारतात, परत बसवतात. मग इंजिन चालू करून स्क्रू पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. नजर दुसरीकडंच, कान मात्र इंजिनात. तीन सिलिंडरचं इंजिन जागेवर थोडं थरथरतंच. ती थरथर कुठल्या हद्दीपर्यंत बरोबर, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

इथं मिस्त्री एक रबरी नळी आमच्या हातात देतात. दाबली तर चिकट, वाकवली तर बारीक भेगा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कोल्हापूर जिल्ह्याला ते गैरसोयीचं म्हणवत नाही; ऊस इथलाच, कारखाने इथलेच, आणि इथेनॉलच्या पैशावर कारखान्यांचं बरंच अवलंबून. पण ९८ सालचं रबर या पेट्रोलसाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉल जुन्या होज आणि गॅस्केट खराब करतं, हवेतला ओलावा ओढतं, आणि गाडी महिना-महिना उभी राहिली तर टाकीत गंज धरायला मदत करतं. अ‍ॅव्हरेजही थोडं घटतं, कारण लिटरमागं इथेनॉलची ऊर्जाच कमी. उपाय साधा आहे: इंधनाच्या सगळ्या नळ्या एकदा बदलून घ्यायच्या, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी खरीखुरी चालवायची. नुसती जागेवर स्टार्ट करून बंद करणं नव्हे.

(दृश्य: मॅट उचललेलं. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकतात.)

टण. टण. टण. आणि मग फस्स.

स्क्रू ड्रायव्हर उलटा करून टोक टेकवलं, तर पत्रा बिस्किटासारखा तुटला आणि खालची जमीन दिसली. भुदरगड तालुक्यातला पाऊस. ओल्या चपला, मॅटखाली मुरलेलं पाणी, आणि वर्षानुवर्षं न उचललेलं मॅट. इंजिन मरत नाही, ते बांधता येतं. रिंग-पिस्टन मिळतात, बोअर मारणारा पुढच्या गल्लीत आहे. मारुती मरते ती पत्र्यानं. फ्लोअर, दारांची खालची कड, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या चाकावरची कमान. कोकणात खाऱ्या हवेमुळं याला आणखी घाई असते. त्या पहिल्या गाडीचंही हेच झालं. हरपाल सिंगांनी ती आयुष्यभर विकली नाही, पण त्यांच्या माघारी ती दिल्लीत घराबाहेर गंजत पडली होती. पुढं कंपनीनं ती नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. सरांच्या गाडीसाठी मुख्यालय नाही, गॅस वेल्डिंग आहे.

“तुकडा मारू,” मिस्त्री म्हणतात. “पण नुसता वरनं न्हाई. सडका सगळा कापून काढायचा, नवा पत्रा, दोन्ही अंगानं रेड ऑक्साइड, खालनं कोटिंग. पुट्टी भरून देणारे हाईत की. त्यांच्याकडं जावा, स्वस्तात हुईल.”

(दृश्य: आरसी बुक, पीयूसी, विम्याचा कागद.)

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, २५ नंबरचा फॉर्म, पर्यावरण कर. सरांचं २०१३, २०१८, २०२३ असं तीनदा झालं. २०२२च्या एप्रिलआधी नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,००० केली. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात हा हेतू उघड आहे, आणि धुराचा विचार केला तर त्यात तथ्यही आहे. कार्बोरेटरवाली गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त घाण करते, हे मिस्त्रीही नाकारत नाहीत. याच कारणानं २०१० साली नवे नियम आले तेव्हा १३ शहरांत ही गाडी विकणं बंद झालं. मुंबई, पुणे यांच्यासोबत त्या यादीत सोलापूरही होतं. बाकी जिल्ह्यांत ती आणखी काही वर्षं मिळत राहिली.

(दृश्य: एक तरुण जोडपं. सोबत २००९ची निळी मारुती, विकणारा एजंट बाजूला फोनवर.)

आम्ही असतानाच इचलकरंजीहून एक जोडपं आलं. यंत्रमागावर काम, घरात लहान मूल, पावसात मोटरसायकल नको झालीय. मिस्त्रींनी बघून द्यावं एवढीच विनंती. मिस्त्री रंगाकडं बघतच नाहीत. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतात. धूर फुंकला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं; झाकणाखाली दुधाळ साय असली तर ऑइलमध्ये पाणी. खिशातून चुंबक काढून दारांवरून फिरवतात. जिथं तो धरत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी. चेसिस नंबर आरसीशी ताडून बघतात.

“दादा, बँकेचा बोजा उतरलाय का यावरचा?”

एजंट फोन कानालाच ठेवून म्हणतो, “हुईल की ते.”

“झाल्यावर या मग. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा पस्तीस नंबरचा फॉर्म घेऊन.” मग त्या बाईंकडं वळून, “ताई, गाडी बरी हाय. कागद बरा न्हाई. हप्ता कुणी थकवला असंल तर बँकवाले तुमच्या दारातनं न्हेतील. आगाऊ रक्कम देऊ नगा.”

जोडपं चहा घेऊन गेलं. एजंटनं चहा घेतला नाही.

दुपारी सरांच्या कामाचा कागद झाला. सिगारेटच्या पाकिटाची मागची बाजू, पण ओळी नीट: ड्रायव्हर साइड फ्लोअर, डावा बूट, इंधनाच्या नळ्या, कार्बोरेटर किट, कूलंट. मजुरी खाली वेगळी. सरांनी बेरीज तपासली. एका ठिकाणी मिस्त्रींनी स्वतःच्याच तोट्याची चूक केली होती, ती दुरुस्त करून दिली.

“पुढचं पासिंग २०२८ ला,” सर म्हणाले. “दहा हजार भरून करायचं का, सांगा तुम्हीच.”

“फ्लोअर टिकला तर करा. न टिकायला काय झालंय? मॅट तेवढं वाळवत जावा.”

“आणि सायलेन्सर?”

“त्यो दिवाळीपत्तोर दम धरतोय. गाडी शुक्रवारी न्या, सकाळच्या एसटीनं या.”