पन्नास सेंटची शाळा, दहा हजार डॉलरचं कॉलेज

नमस्कार मंडळी! आज मी तुम्हाला डॅनियल पेन यांच्याबद्दल सांगणारे, आणि खरं सांगू, हा माणूस गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

जन्म १८११ चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात, चार्ल्स्टन शहरात. आजूबाजूला सगळी गुलामगिरी, पण याचे आईवडील काळे असूनही स्वतंत्र होते, कुणाच्या मालकीचे नव्हते. पोरगा दहा वर्षांचा व्हायच्या आतच दोघंही गेले. मग काही वर्षं शाळा, पुढे सुतारकामाची उमेदवारी, आणि दिवसभर राबून आलेला हा मुलगा पहाटे चारला उठायचा, उशाशी ठेवलेल्या चकमकीने मेणबत्ती पेटवायचा आणि कामाची वेळ होईपर्यंत वाचत बसायचा.

१८२९ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याने शाळा काढली. तीन लहान मुलं, आणि रात्री शिकायला येणारे तीन मोठे गुलाम. फी प्रत्येकी महिना पन्नास सेंट, म्हणजे सगळे मिळून तीन डॉलर. त्यात पोट कसं भरणार? वर्षभरात कंटाळून तो एका श्रीमंत गुलाममालकाबरोबर वेस्ट इंडीजला कामाला जायला निघाला. तो मालक बोलता बोलता म्हणाला की मालकात आणि गुलामात फरक काय तो ज्ञानाचा. झालं! पेनने तो बेतच सोडून दिला आणि परत शाळा उघडली, आणि या वेळी मुलं वाढत वाढत साठाच्या आसपास गेली. भूगोल, वनस्पती, प्राणी, सगळं स्वतः आधी शिकायचं आणि मग मुलांना शिकवायचं. सूर्यग्रहण त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं, तर नंतर काही आठवडे पुस्तक उघडलं की पानं काळी दिसायची.

आणि मग कायदा आला. १८३४ च्या डिसेंबरमध्ये. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवलं तर गोऱ्याला दंड आणि कैद, स्वतंत्र काळ्या माणसाला पन्नासपर्यंत फटके आणि वर दंड. अक्षरांसाठी फटके हो! १ एप्रिल १८३५ पासून कायदा लागू होणार होता, त्याआधी शाळा बंद झाली, आणि मे महिन्यात पेन बोटीने उत्तरेला निघून गेला.

इथून पुढे मात्र अहो-जाहोच करायला हवं. गेटिसबर्गला धर्मशिक्षण झालं, मग ते आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये आले, म्हणजे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या गोऱ्यांच्या चर्चमधल्या अपमानाला कंटाळून काळ्या लोकांनी काढलेलं स्वतःचं मेथडिस्ट चर्च, आणि १८५२ मध्ये तिथे बिशप, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, झाले. पाद्री शिकलेलाच हवा हा त्यांचा हट्ट, त्यावरून चर्चमध्ये भांडणंही झाली. लोकांचं गोल फिरत, टाळ्या वाजवत गाणं त्यांना अडाणीपणा वाटायचा. हे मला नाही पटत, त्या गाण्यांनीच तर माणसं तग धरून होती.

ओहायोत विल्बरफोर्स नावाचं कॉलेज होतं, १८५६ मध्ये सुरू झालेलं. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेल्या यादवी युद्धात पैसा आटला आणि ते बंद पडलं. १८६३ मध्ये बिशप पेननी ते दहा हजार डॉलरला घ्यायचं ठरवलं, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात दहा डॉलरसुद्धा नव्हते! नुसत्या श्रद्धेवर शब्द दिला, मग चर्चच्या लोकांकडून पैसे उभे केले. ते प्रेसिडेंट झाले, अमेरिकेत कॉलेजचे प्रमुख झालेले पहिले काळे गृहस्थ, आणि १८७६ पर्यंत त्या जागेवर राहिले. आपल्याकडे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, तेव्हा हे तिकडे मुलं शिकवत होते, माझ्या अंगावर काटा येतो हे आठवलं की.

१४ एप्रिल १८६५ ला, ज्या दिवशी लिंकनना गोळी लागली त्याच दिवशी, कॉलेजची मुख्य इमारत जळाली. इमारत पुन्हा बांधली, पण ते नंतर. आधी मे महिन्यात बिशप पेन बोटीने चार्ल्स्टनला गेले, बरोबर तीस वर्षांनी. युद्धात दक्षिण हरली होती, तो कायदा आता मेला होता. ज्या गावाने त्यांची शाळा बंद पाडली, तिथे त्यांनी आपल्या चर्चची साउथ कॅरोलायना कॉन्फरन्स, म्हणजे प्रांतिक शाखा, सुरू केली, आणि ऐकायला बसले होते ते कालपरवापर्यंत गुलाम असलेले लोक.