एकदा वाऱ्यासंगं, एकदा वाऱ्याविरुद्ध

जिनिंगमध्ये कापूस पाईपातून हवेच्या ओढीनं पुढं जातो, हे परभणी-मानवतच्या पोरांना मी काय सांगणार! ओढ कमी पडली की वाकणात बोळा बसतो, जास्त ठेवली की वीजबिल वाढतं. मग पाईपात हवा किती जोरात वाहते हे कळावं कसं? हवेच्या दाबावरून वेग सांगणारी पिटो नळी १७३२ पासून आहे, स्वस्तही आहे. पण तिच्या बारीक भोकात रुईचे तंतू अडकले की काटा शून्यावर येतो आणि पंखा मात्र गरगरतच असतो. मी एकदा दोन दिवस त्या बिचाऱ्या पंख्यालाच दोष देत बसलो होतो.

म्हणून वाटेत काहीच आडवं न घालता मोजायचं. घरातला गॅस लायटर आठवा. खटका दाबला की आतल्या पिझो तुकड्यावर ठोका बसतो आणि ठिणगी उडते. दाब दिला की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. याच्या उलटही होतं, वीज दिली की तो तुकडा थरथरतो. सेकंदाला ४० हजार वेळा थरथरला तर आवाज निघतो, पण आपल्या कानाला तो ऐकू येत नाही.

हा माझा पाईप ३० सेंटिमीटर व्यासाचा. त्यात ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत अशा पिझो तुकड्यांचे दोन सेन्सर समोरासमोर बसवलेत. आधी हा बोलतो, तो ऐकतो. मग तो बोलतो, हा ऐकतो. गंगाखेडला गोदावरीत पोहताना धारेसोबत लवकर पोचता, धारेविरुद्ध उशीर लागतो, तसंच. हवा सेकंदाला १० मीटरनं वाहत असेल तर दोन्ही वेळांत फरक पडतो जेमतेम ५१ मायक्रोसेकंदांचा.

आता आपल्याकडचा उन्हाळा. २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४२ अंशांना सुमारे ३५६. नुसता वेळेतला फरक धरून हिशेब केलात तर डिसेंबरात बरोबर असलेला मीटर मे महिन्यात सात टक्के कमी दाखवेल. त्याऐवजी दोन्ही वेळांचे व्यस्त घ्या, म्हणजे १ भागिले वेळ, मग वजाबाकी करा. आवाजाचा वेग समीकरणातून गळून पडतो, उरतो फक्त वारा. बेरीज केलीत तर उलट वारा गळतो आणि आवाजाचा वेग हाती येतो, त्यावरून हवेचं तापमान फुकटात कळतं. मला या मीटरात सगळ्यात आवडतं ते हेच.

त्रास कुठं होतो? ४० हजारांची एक लाट २५ मायक्रोसेकंदांची. ऐकताना एका बाजूला एक लाट चुकून पुढची धरली, की माप जवळपास ५ मीटरनं चुकलं! म्हणजे १० चं थेट १५ किंवा ५. पत्र्याच्या पाईपात आणखी एक भानगड: आवाज पत्र्यातून पळत हवेच्या आधीच पोचतो. त्यावर मी सेन्सरखाली सायकलची जुनी ट्यूब कापून घातली. वाकणालगत बसवाल तर हवा पिळलेली असते, तिथं माप घेऊ नका. वाकणापुढं निदान दहा व्यासांचा, म्हणजे ३ मीटरचा सरळ पाईप सोडा.

मागून विचारतायत, कापूसच आवाज गिळेल की? गिळतो ना. म्हणून हे कापूस वेगळा झाल्यावर, सेपरेटरच्या पुढच्या पाईपात बसवायचं. तंतू तिथंही येतातच. सेन्सरचं तोंड पुसायला माणूस लागतो.

चला, पंखा चालू करतो. कुणीतरी उठून पाईपाचं तोंड पुठ्ठ्यानं अर्धं झाका, बाकीच्यांनी आकड्याकडं बघा.