दुखणं अंगावर काढताना

औषधाच्या दुकानाचा काउंटर. सुरकुतलेल्या हातात घडी पडून मऊ झालेली चिठ्ठी. बिलाचा आकडा ऐकून हात जरासा मागे येतो. "सध्या दहाच द्या." कात्री चालते, पाकीट अर्धं होतं.

आता या दहा गोळ्या वीस दिवस पुरवायच्या. सुरीने मधोमध कापून, नाहीतर एक दिवसाआड. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. त्या कापल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जाऊ शकतो. हे अशा वृद्धांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

काय सोडायचं, हे दुखण्यावरून ठरतं. गुडघा ठणकतो, म्हणून त्याची गोळी चुकत नाही. रक्तदाबाची चुकली तर त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून तीच आधी सुटते. डॉक्टर विचारतात, "गोळ्या चालू आहेत ना?" "हो, चालू आहेत." रक्तदाब तर चढलेला दिसतो. मग डॉक्टर आणखी एक गोळी लिहून देतात, आणि बिल वाढतं.

याला काटकसर म्हणू नये. अमेरिकेत 1974 ते 1982 या काळात रँड या संशोधन संस्थेने आरोग्यविम्याचा मोठा प्रयोग केला. खर्चाचा वाटा स्वतः भरावा लागला, तेव्हा लोकांनी उपचार कमी केले. पण बिनगरजेचे टाळले तसे गरजेचेही टाळले. त्या प्रयोगात वयाची 62 वर्षं ओलांडलेल्यांना घेतलंच नव्हतं. त्यांचं काय होतं, ते कॅनडातल्या क्युबेक प्रांतात दिसलं. तिथे 1996 साली औषधांच्या खर्चातला वृद्धांचा वाटा वाढवण्यात आला. त्यांचा आवश्यक औषधांचा वापर सुमारे 9 टक्क्यांनी घटला. तातडीच्या विभागात जाण्याची वेळ जास्त वेळा आली, गंभीर प्रकृतिबिघाडही वाढले. काउंटरवर वाचलेला पैसा असा दवाखान्यात जातो.

शिवाय फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. जाण्यायेण्याचं भाडं आहे, तपासण्या आहेत, सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस आहे. आपल्यामुळे कुणाचा दिवस बुडेल, हा संकोच सगळ्यात मोठा. "वयाचंच आहे, होईल बरं," असं म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं.

तपासणीच्या खोलीत आज प्रश्न वेगळा आहे. "औषधं परवडतात का?" बराच वेळ उत्तर येत नाही. मग पिशवीतून एक डबी निघते. आत कापलेल्या गोळ्या, आणि तळाशी त्यांचा पांढरा चुरा.