गेलेल्या माणसाची आवडनिवड

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘मेक्सिकोतला मृतांचा दिवस’. मला खरं बोलायचंय ते प्वेब्ला राज्यातल्या वाकेचूला या गावाबद्दल. वर्षभरात घरातलं माणूस गेलं असेल, तर तिथं काय करतात, ते सांगायचंय. पण त्याआधी मनात साठलेली एक तक्रार मांडतो.

ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडच्या हॉटेलांतसुद्धा हल्ली ‘मेक्सिकन रात्र’ होते. तोंडाला कवटीचा रंग फासायचा, नाचायचं, फोटो काढायचे. अशाच एका ठिकाणी मी व्यवस्थापकांना विचारलं, ‘यात मेलेलं कोण आहे?’ ते गोंधळले. हसा, पण प्रश्न मी मनापासून विचारला होता. कुणाची तरी आठवण काढायची नसेल, तर हा दिवस उरतो कुठे?

मेक्सिको सिटीत आज जी प्रचंड मिरवणूक निघते, ती 2016 साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’ची सुरुवात अशाच एका मिरवणुकीनं होते. ती सिनेमासाठी रचलेली होती, आणि ते बघून शहरानं खरी मिरवणूक काढली. लोकांना आनंद मिळतो, मिळू दे. पण युनेस्कोनं 2008 साली वारसा यादीत घेतली ती मूळ मेक्सिकन जमातींची घराघरांतली परंपरा. मिरवणूक तेव्हा नव्हतीच.

तीच गत कात्रिनाची. मोठ्या हॅटमधली ती सांगाड्याची बाई होसे ग्वादालूपे पोसादा या मेक्सिकन चित्रकारानं 1910च्या सुमाराला कोरली, ती आपलं मूळ लपवून युरोपियन तोरा मिरवणाऱ्यांना टोमणा म्हणून. पुढं चित्रकार दिएगो रिवेरानं 1947च्या भित्तिचित्रात तिला नखशिखांत पोशाख चढवला. आता तीच या दिवसाचा चेहरा होऊन बसली आहे.

घरात मात्र गोष्ट अगदी वेगळी असते. श्रद्धा अशी की वारलेली मुलं 1 नोव्हेंबरला घरी भेटीला येतात, 2 तारखेला वारलेली मोठी माणसं. त्यांच्यासाठी ‘ओफ्रेंदा’, म्हणजे नैवेद्याची वेदी, मांडतात. फोटो, मेणबत्त्या, मीठ, कोपालचा धूप, वर हाडांचे आकार काढलेला गोड पाव. पेलाभर पाणी तर हवंच, लांबून चालत आलेल्याला तहान लागलेली असणार. काही घरांत घंगाळ, साबण आणि टॉवेलही ठेवतात. मग ज्याची त्याची आवड: कुणाला मोले म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, कुणाला तामालेस म्हणजे पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, कुणाला बिअर, कुणाला सिगारेट. डॉक्टरांनी बंद केलेलंसुद्धा त्या दिवशी मिळतं! माझं म्हणणं एवढंच आहे की इथं ‘पितर’ असा घाऊक हिशेब नाही. अमक्याला तिखट किती लागायचं, हे घरात कुणाला तरी आठवावं लागतं.

आणि दारापासून ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट, सेंपासूचिलची. म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं तोरण होत नाही, ते फूल मूळचं मेक्सिकोचं, समुद्रापलीकडून इथं आलेलं. यावर स्वतंत्र तासभर बोलता येईल...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर वाकेचूला, थोडक्यात.

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालाय, तिथं जवळजवळ छताला टेकणारी, पांढऱ्या सॅटिनची मजल्यामजल्यांची वेदी उभारतात. फोटो असा ठेवतात की तो आरशात दिसावा. दार सताड उघडं. गावातला, परगावचा, कुणीही अनोळखी माणूस मेणबत्ती घेऊन आत येतो, आणि घरचे त्याला बसवून पाव, चॉकलेट, मोले खाऊ घालतात. खर्च मोठा, राबणं त्याहून मोठं, आणि चूल बहुतेक बायकांच्याच हातात. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्यांचं दुःख सगळ्यात ताजं, त्यांच्याच घरी सगळं गाव जेवायला जातं. त्यांना एकटं सोडत नाहीत, आणि नुसतं बसूही देत नाहीत. दर येणाऱ्याला वाढताना, हा फोटो कुणाचा, काय करायचा, कसा गेला, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पुढच्या वर्षापासून त्या घरी नेहमीची साधी ओफ्रेंदा, आणि गावाची पावलं दुसऱ्या दारांकडं वळतात. वेळ संपली. प्रश्न असतील तर मी खाली थांबतो.